नारळ उभा राहिला, पण कळले कोणाला?

माण तालुक्यातील एका वाचकांनी नाव न छापण्याच्या अटीवर पाठवलेल्या पत्राचा आवश्यक भाग असा :

"मी पुण्यात नोकरी करतो. गावाकडे आमची सहा एकर जमीन आहे आणि तिच्यातल्या अडीच एकरांवर डाळिंब आहे. शेती वडील, म्हणजे आमचे तात्या, पाहतात. विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. गेल्या काही वर्षांत दोन बोअर घेतले आणि दोन्ही कोरडे गेले. दुसऱ्याचे कर्ज अजून फिटलेले नाही. आता तात्यांनी शेजारच्या गावातील पाणाड्याला बोलावले. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानभर फिरले आणि पूर्वेच्या बांधाजवळ तो नारळ माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला. 'साडेतीनशे फुटांवर दोन इंची पाणी आहे, नाही लागले तर नाव बदलीन,' असे ते म्हणाले. मी माझ्या ओळखीतून एका भूवैज्ञानिकांना आणले. त्यांनी अर्ध्या तासात यंत्र लावून पाहिले आणि सांगितले की, बांधाजवळ शक्यता कमी दिसते, ओढ्याच्या बाजूला बरी आहे, पण खात्री देता येणार नाही. यावर तात्या म्हणाले, 'ज्याची त्यालाच खात्री नाही, त्याला काय कळते? पाणाड्याने पाटलांच्या रानात जागा दाखवली, तिथे आजही मोटर चालते.' मला यावर उत्तर देता आले नाही. एखाद्याला एखादी गोष्ट खरोखर कळते, हे आमच्यासारख्यांनी ठरवायचे कशावरून? आणि समजा, त्या बांधाजवळ पाणी लागलेच, तर तात्या बरोबर आणि मी चूक, असे मानायचे का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरातली खरी अडचण तिथेच आहे. बांधाजवळ पाणी लागले, तर पाणाड्याचे म्हणणे खरे ठरेल. पण त्याला ते कळले होते, हे तेवढ्यावरून सिद्ध होणार नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी फार पूर्वी ओळखले होते. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने दिलेले उदाहरण असे : एकाने मुठीत पाच कवड्या धरल्या आहेत आणि तो समोरच्याला त्या किती आहेत असे विचारतो. समोरचा काहीही न पाहता अंदाजाने 'पाच' म्हणतो. उत्तर अगदी खरे आहे, बोलणाऱ्याची त्यावर श्रद्धाही असेल. तरीही मुठीत किती कवड्या आहेत याचे त्याला ज्ञान होते असे कोण म्हणेल?

तुम्हाला वाटेल की, हा पंडितांचा काथ्याकूट आहे आणि रानात त्याचा काय उपयोग. परंतु सामान्य माणसेही हा भेद करतात. तत्त्वज्ञ एदुआर मशेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्राझील, भारत, जपान आणि अमेरिका या चार देशांतल्या साध्या लोकांना अशाच प्रकारच्या गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. एखाद्या व्यक्तीचा समज योगायोगाने खरा निघतो, तेव्हा त्या व्यक्तीला ते 'माहीत होते' असे मानायला चारही देशांतल्या बहुतेकांनी नकार दिला. तुमच्या तात्यांना कवड्यांची गोष्ट सांगितली, तर तेही हेच उत्तर देतील, याविषयी मला शंका नाही. मग पाटलांच्या बोअरच्या बाबतीत ते तसे का म्हणत नाहीत? कारण मूठ त्यांना दिसते आणि अंदाज हा अंदाजच आहे हेही दिसते. रानात मात्र नारळ, चालण्याची पद्धत, मध्येच थांबून मान हलवणे आणि शेवटी ठामपणे फुटांचा आकडा सांगणे, एवढे सगळे मधे येते आणि त्यामुळे अंदाज हा अंदाज वाटत नाही.

यासाठी तात्यांना अडाणी किंवा अंधश्रद्ध ठरवण्याच्या भानगडीत कृपया पडू नका. त्यांच्या कसोट्या नीट पाहिल्या, तर त्या आपण सगळे रोज वापरतो त्याच आहेत : माणूस किती वर्षे या कामात आहे, त्याच्या हातून पूर्वी काम झाले का, ओळखीच्या माणसाला त्याचा अनुभव कसा आला आणि तो आपल्या शब्दावर ठाम राहतो का. आपण डॉक्टर निवडतो, मेकॅनिक निवडतो, मुलीच्या शाळेची चौकशी करतो, ती याच आधारावर. ज्या विषयातले आपल्याला स्वतःला कळत नाही, त्या विषयात दुसऱ्याला कळते का, हे पाहण्याचे दुसरे साधन आपल्याकडे नसते. या कसोट्या टाकाऊ नाहीत. त्या अर्धवट वापरल्या की फसवतात.

पाटलांचा बोअर घ्या. तो दिसतो, कारण तिथे मोटर चालते, हिरवे रान दिसते आणि पाटील चार माणसांत सांगतात. कोरड्या गेलेल्या बोअरवर मात्र केसिंगच्या तोंडाशी एक दगड ठेवलेला असतो आणि त्याचा मालक त्याविषयी बोलत नाही, कारण पैसे गेले ते गेले, वर हसे कशाला करून घ्यायचे. शिवाय कोरड्या बोअरचा दोष पाणाड्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. ही सारवासारव तुम्ही ऐकली असेलच : ड्रिल आत वाकडे गेले, गाडी दाखवलेल्या खुणेपासून दोन फूट बाजूला लावली, अजून पन्नास फूट जायला हवे होते, मालकाने धीर सोडला, झरा होता, पण खडकाने दाबला. एवढेही जमले नाही, तर नुसते ओले झालेले चूर्ण वर आले तरी 'पाणी लागले' असे धरतात. ज्या भाकिताला कुठल्याच परिस्थितीत चूक ठरायला जागा नाही, ते बरोबर ठरल्याचे कौतुक करण्यात अर्थ नसतो.

म्हणून मी असे सुचवतो की, पाणाड्याला पहिला प्रश्न पाण्याचा विचारू नका. गेल्या पाचसात वर्षांत किती शेतकऱ्यांना तुम्ही 'तुझ्या रानात पाणी नाही, पैसे घालू नकोस' असे सांगून परत पाठवले, हा प्रश्न विचारा. माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यात पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि खाली कठीण काळा खडक आहे. इथे ज्याला पाण्याचे खरोखर कळते त्याला अनेक रानांत 'नाही' हेच उत्तर द्यावे लागेल. नारळ बोलावलेल्या प्रत्येक रानात कुठे ना कुठे उभा राहत असेल, तर तो जमिनीत काय आहे हे सांगत नसून बोलावणे आले आहे एवढेच सांगतो. खरोखर कळण्याची मला सापडलेली सर्वांत चांगली खूण हीच आहे : परिस्थिती वेगळी असती, तर या माणसाचे उत्तर वेगळे आले असते का? पाणी नसते, तर त्याने 'नाही' म्हटले असते का? कवड्या सहा असत्या, तरी तो अंदाज करणारा 'पाच'च म्हणाला असता, आणि म्हणूनच त्याला माहीत नव्हते.

दुसरे काम तात्यांना सोबत घेऊन करण्यासारखे आहे आणि त्यासाठी एखादी सुट्टी खर्च करावी. मोटारसायकल काढा आणि या पाणाड्याने दाखवलेल्या जेवढ्या जागा आठवतील, तेवढ्या सगळ्या पाहून या. पाटलांच्या रानापासून सुरुवात केली तरी चालेल, पण तिथेच थांबू नका. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचारा : सांगितले किती फुटांवर होते आणि लागले किती फुटांवर, मोटर सलग किती वेळ चालते, आणि मे महिन्यात काय होते. त्यानंतर एक चौकशी अशी आहे, जी जवळजवळ कोणीच करत नाही. त्याच शिवारात पाणाड्याला न विचारता, केवळ घराजवळ सोयीची किंवा विजेच्या खांबाजवळची जागा म्हणून जे बोअर घेतले गेले, त्यांचे काय झाले, हेही विचारा. पाणाड्याच्या दहांपैकी पाच जागी पाणी लागले असेल आणि न विचारता घेतलेल्या दहांपैकीही पाचांना लागले असेल, तर ते पाच त्या शिवाराचे आहेत, पाणाड्याचे नाहीत. हा हिशेब समोर आला, तर तात्या तो तुमच्यापेक्षा लवकर समजून घेतील. चाळीस वर्षे शेती केलेल्या माणसाला नुसत्या एका पिकावरून बियाणे चांगले ठरवायची सवय नसते, तो शेजारच्या सरीशी तुलना करूनच बोलतो.

असा हिशेब मोठ्या प्रमाणावरही झाला आहे. १९८७ आणि १९८८ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे शास्त्रज्ञांच्या एका गटाने काडी घेऊन पाणी शोधणाऱ्यांची परीक्षा घेतली. सुमारे ५०० जणांमधून चाळणी लावून उत्तम वाटलेले ४३ जण निवडले होते. एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ दर वेळी वेगळ्या जागी सरकवला जाई आणि वरच्या मजल्यावर चालणाऱ्याने तो कुठे आहे ते दाखवायचे होते. अशा एकूण ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना स्वतःला काही मोजक्या माणसांची कामगिरी लक्षणीय वाटली. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की, एका फेरीत चमकलेला माणूस पुढच्या फेरीत चमकत नाही, आणि उत्तमांतल्या उत्तमांनीही दर वेळी डोळे मिटून रेषेच्या मध्यावर बोट ठेवले असते, तरी ते जवळपास तितकेच बरोबर आले असते. तुमचे पाणाडी म्हणतील की, नळातले पाणी आणि भूगर्भातला झरा एक नव्हे. हा आक्षेप मला अगदीच फेटाळण्यासारखा वाटत नाही. मात्र परीक्षेला बसताना त्या ४३ जणांना आपण हे करू शकतो अशी खात्री होती, आणि तुमच्या तात्यांच्या प्रश्नाच्या दृष्टीने ती खात्रीच महत्त्वाची आहे.

आता तो नारळ. तो तुमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला, हे तुम्ही विशेष करून लिहिले आहे, आणि मला वाटते की तुमचाही विश्वास तिथे थोडा डळमळला. पाणाडी लबाडी करत आहेत असे समजण्याचे कारण नाही. मनात अपेक्षा असली की हाताचे स्नायू अगदी सूक्ष्म हालचाल करतात आणि ती आपण केली हे हात धरणाऱ्याला कळतही नाही, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने १८५२ मध्ये मांडले होते. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेने त्याची चाचणी केली. त्या काळी लोक टेबलाभोवती हात टेकून बसत आणि ते टेबल आपोआप फिरू लागे. फॅरेडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये अशी रचना बसवली की, आधी काय हलते ते उघड व्हावे. आधी हात हलत होते, टेबल मागून हलत होते. हात हलल्याचे दाखवणारा काटा बसणाऱ्यांना दिसू लागला, की टेबल फिरायचे थांबे. त्या बसणाऱ्यांमध्ये सभ्य आणि प्रामाणिक माणसे होती. तळहातावर आडवा, जेमतेम तोललेला नारळ हा तर अशा सूक्ष्म हालचालीसाठी जणू मुद्दाम निवडलेला आहे. म्हणून नारळ उठला हे खरे, पाणाड्याला काहीतरी जाणवले हेही खरे असू शकते, आणि तरी त्या जाणिवेचा खालच्या पाण्याशी काही संबंध असेलच असे नाही.

याची एक साधी परीक्षा घरच्या घरी करता येते, फक्त ती मान राखून करावी. पाणाड्यांची हरकत नसेल, तर पूर्वेच्या बांधाजवळच्या त्या जागी फक्कीची खूण करून ठेवा, चहापाणी होऊ द्या, मग डोळ्यांवर उपरणे बांधून दुसऱ्या दिशेने त्यांना त्याच रानातून हात धरून चालवा आणि नारळ कुठे उभा राहतो ते पाहा. तो पुन्हा त्याच खुणेवर उभा राहिला, तरी खाली पाणी आहे हे सिद्ध होत नाही, पण मग विचार करण्यासारखे काहीतरी आहे असे मी म्हणेन. तो वीस हात लांब उभा राहिला, तर तात्यांना वेगळे काही सांगावे लागणार नाही. या गोष्टीला ते 'माझी परीक्षा घेता काय' म्हणून रागावले, तर आग्रह सोडून द्या. गावात उद्या तात्यांना त्यांच्याशी राम राम करायचा आहे.

इथपर्यंत वाचून पाणाड्याला काहीच कळत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका, कारण माझे तसे मत नाही. तीस वर्षे एकाच मुलखात पाणी पाहत फिरलेल्या माणसाला कुठली जुनी विहीर कधी आटते, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, मुरूम कुठे खोल आहे, उन्हाळ्यात कुठल्या बांधावरचा उंबर हिरवा राहतो, हे माहीत असते. झाडे आणि वारुळे यांवरून पाण्याचा अंदाज घेण्याची परंपरा फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने त्यावर एक सबंध अध्याय लिहिला आहे. त्यातले सगळे ठोकताळे टिकणारे नाहीत, पण वनस्पती ओलावा दाखवतात ही मूळ समजूत चुकीची नाही. म्हणून त्यांना नारळ खाली ठेवायला सांगा आणि विचारा, 'हात वापरायचा नाही असे ठरले, तर तुम्ही या सहा एकरांत कुठे जाल आणि का?' या 'का'चे उत्तर आले, त्यात ओढा आला, उतार आला, शेजारच्या विहिरीला कुठल्या बाजूने झरा लागला हे आले, तर ते ज्ञान आहे आणि त्याचे पैसे देणे योग्य आहे. 'ते सांगता येत नाही, ते हाताला कळते' असे उत्तर आले, तर तुमच्या कर्जाच्या पैशांवर पैज लावावी असे त्यात मला काही दिसत नाही. (सगळेच जाणकार आपले कारण सांगू शकतात असे नाही, हे मला मान्य आहे, जुनी सुईण किंवा पट्टीचा कुंभार यांना विचारले तर त्यांनाही शब्द सापडणार नाहीत. पण त्यांचे काम लगेच समोर दिसते आणि चुकले तर त्याच दिवशी कळते, त्यामुळे त्यांचा हात वर्षानुवर्षे सुधारत जातो. पाणाड्याला आपण चुकलो हे बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही, मग त्याचा हात सुधारणार कसा?)

आता तुम्ही आणलेल्या भूवैज्ञानिकांकडे वळतो, कारण त्यांच्यावरचा तात्यांचा आक्षेप तुम्हाला वाटतो तितका कच्चा मला वाटत नाही. शहरातून गाडी आली, तारा पसरल्या, आकडे घेतले आणि अर्ध्या तासात गाडी गेली, यात तात्यांना 'कळणारा माणूस' दिसला नाही, तर दोष त्यांचा नाही. यंत्राचे नाव मोठे असले, तरी ते पाणी पाहत नाही. जमिनीत वीजप्रवाह सोडून वेगवेगळ्या खोलीवरच्या थरांचा विजेला होणारा रोध ते मोजते. ओल्या, भेगाळलेल्या खडकाचा रोध कमी असतो, पण चिकणमातीचाही कमी असतो आणि खाऱ्या पाण्याचाही कमी असतो. त्या आकड्यांचा अर्थ लावायला आसपासच्या विहिरींची माहिती लागते. तुमच्या भूवैज्ञानिकांनी तुमची विहीर उतरून तिच्या कडेचे थर पाहिले का? तुमच्या दोन कोरड्या बोअरमध्ये किती फुटांवर कुठला खडक लागला, हे विचारले का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. विचारले नसेल, तर हातात यंत्र असलेला हा माणूसही नारळवाल्याच्या फार पुढे गेलेला नाही.

आपल्या खडकाची रचना थोडी समजून घेतली, तर दोघांनाही प्रश्न विचारणे सोपे जाईल. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले आणि ते आजही बरेचसे आडवेच आहेत. एका थराचा खालचा-मधला भाग घट्ट असतो आणि त्यात भेगा नसतील, तर पाणी जवळजवळ नसते. वरचा भाग सच्छिद्र, ठिसूळ असतो, त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. तिथे, किंवा वरच्या मुरमात, किंवा दोन थरांच्या सांध्याशी आणि भेगांमध्ये पाणी सापडते. म्हणजे जमिनीखाली नदीसारखा वाहणारा झरा एका रेषेत आहे आणि तो अचूक गाठायचा आहे, हे चित्र आपल्या भागात बहुतांशी चुकीचे आहे. आणखी एक : कठीण खडकात जसजसे खोल जावे, तसतशा भेगा सामान्यतः कमी होत जातात आणि त्या मिटलेल्या असतात. 'अजून पन्नास फूट' या सल्ल्यात त्यामुळे आशा जास्त आणि पाणी कमी असते.

इथे साडेतीनशे फुटांविषयीही बोलायला हवे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट आणि त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' धरले आहे आणि तिच्यावर बंधने आहेत. पाणाड्याचा आकडा त्या मर्यादेच्या बराच पलीकडचा आहे. तुमच्या गावाच्या बाबतीत नेमके काय लागू आहे, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या साताऱ्यातील कार्यालयात विचारा. राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी ही यंत्रणा अनेक वर्षे नोंदवत आली आहे, तेव्हा तुमच्या परिसरात मे महिन्यात पाणी किती खाली जाते, हेही तिथेच समजेल. ही माहिती तात्यांनी स्वतः जाऊन विचारली, तर ती त्यांची होईल. तुम्ही मोबाइलवर दाखवली, तर ती तुमची राहील.

'ज्याची त्यालाच खात्री नाही' हा तात्यांचा मुद्दा सर्वांत बळकट आहे, कारण तो फक्त त्यांचा नाही. ठाम बोलणारा माणूस जाणकार वाटतो आणि बिचकत बोलणारा कच्चा वाटतो, हे सगळीकडेच घडते. परंतु ज्या विषयात निसर्गच अनिश्चित आहे, तिथे जाणकार माणूस ठाम बोलू शकत नाही आणि ज्याला ती अनिश्चितता दिसत नाही तोच ठाम बोलतो. मात्र 'खात्री देता येणार नाही' हे वाक्यही दोन प्रकारे बोलले जाते. एक माणूस ते अंग काढून घेण्यासाठी बोलतो : लागले तर माझे श्रेय, नाही लागले तर मी आधीच सांगितले होते. दुसऱ्याची अनिश्चितता नेमकी असते. तो सांगतो की ओढ्याच्या बाजूला साठ ते सव्वाशे फुटांच्या दरम्यान मांजऱ्या लागायला हवा. तो लागला नाही आणि खाली सलग काळा पाषाण सुरू झाला, तर दीडशेवर गाडी थांबवा, पुढचे पैसे वाया आहेत. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या रानासाठी नाहीत.) या दोघांतला फरक ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो, 'थांबायचे कुठे?' हा प्रश्न भूवैज्ञानिकांनाही विचारा आणि पाणाड्यांनाही. आपण चुकलो हे कुठे कळेल, ते आधी सांगणारा माणूस मला ठाम आकडा सांगणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो, मग त्याच्या हातात नारळ असो की यंत्र.

तात्यांशी बोलायचे कसे, हाही प्रश्न उरतो. वाद घालून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तो वाद पाण्याचा उरलेला नाही. दोन बोअर गेले, कर्ज डोक्यावर आहे, बाग डोळ्यांसमोर वाळते आहे. अशा वेळी 'नाव बदलीन' म्हणणारा माणूस पाण्याबरोबर झोपही देतो आणि तुमचा भूवैज्ञानिक ती देत नाही. त्यात मुलाने आणलेला माणूस बरोबर ठरणे म्हणजे आपण चुकणे, असेही तात्यांना वाटत असेल. म्हणून दोन्ही माणसे पुन्हा एकाच दिवशी रानात बोलवा, प्रश्न तात्यांनाच विचारू द्या आणि तुम्ही लिहून घेण्याचे काम करा. कुठली जागा, किती फुटांवर काय लागेल, किती पाणी, मे महिन्यात किती आणि कुठे थांबायचे, हे दोघांचेही एकाच वहीत, बोअरची गाडी ठरवण्याआधी, तारीख टाकून लिहा. नंतर आठवण आपल्या सोयीने बदलते, तात्यांचीही आणि तुमचीही. तुमच्या भूवैज्ञानिकांची जागा कोरडी गेली, तर 'यंत्र खोटे' असे तात्या म्हणतील, तेव्हा त्या एका बोअरने काही ठरत नाही हे सांगण्याचा अधिकार तुम्हाला तरच राहील, जर पाटलांच्या एका बोअरबद्दल तुम्ही तेच आधी सांगितले असेल.

या चौकशीतून तिसरे उत्तरही येऊ शकते, ते म्हणजे या सहा एकरांत तिसरा बोअर घेऊच नये. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी गाळून विहिरीत मुरवावे, तिचा गाळ काढावा आणि अडीच एकर डाळिंबातले किती राखता येईल याचा हिशेब करावा. हे उत्तर कोणाला आवडत नाही आणि त्यासाठी पैसे मागणाराही कोणी येत नाही, त्यामुळे ते तुम्हालाच विचारून घ्यावे लागेल. दोघांपैकी जो कोणी हे उत्तर आपण होऊन देईल, त्याचे म्हणणे तात्यांनी पूर्ण ऐकून घ्यावे, असे मी त्यांना माझ्या वतीने सांगायला सांगतो. आणि काहीही ठरले तरी गाडीवाल्याला आगाऊ रक्कम देताना किती फुटांवर थांबायचे ते तात्यांच्या तोंडून सांगू द्या, कारण ड्रिल सुरू झाल्यावर रानात जमलेले सगळेजण 'अजून थोडे' म्हणत असतात आणि बिल फुटाच्या दराने होते.